हलकी लिथियम बॅटरी: कोणत्या गाडीला आणि कोणत्या कामाला?

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. गाडीची बॅटरी हा काही तत्त्वज्ञानवाल्यांचा नेहमीचा प्रांत नव्हे. पण कोणतीही वस्तू निवडताना दोन प्रश्न विचारावे लागतात. ही वस्तू नेमकी कशासाठी हवी आहे? आणि तिच्यावर जे लिहिलं आहे ते कोणत्या अर्थाने खरं आहे? पहिल्या प्रश्नाला आपल्या न्यायशास्त्राने 'प्रयोजन' असं नाव दिलं. दुसऱ्याचा संबंध 'छल' या संकल्पनेशी येतो. न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांत ही दोन्ही आहेत. आज ही दोन जुनी अवजारं घेऊन आपण एका नव्या वस्तूकडे बघणार आहोत.

आधी हद्द ठरवून घेऊ. इलेक्ट्रिक गाडी जिच्यावर धावते त्या मोठ्या बॅटरीबद्दल आज आपण बोलत नाही. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत बॉनेटखाली किंवा डिकीत जी बारा व्होल्टची बॅटरी असते, तिच्याबद्दल बोलतो आहोत. ती शिशाची असते आणि जड असते. मध्यम गाडीत बारा ते वीस किलोपर्यंत भरते. ट्रॅकवर गाडी पळवणारी मंडळी, आणि त्यांचं पाहून रस्त्यावर गाडी चालवणारे हौशी लोकही, ती काढून दोन-चार किंवा पाच-सहा किलोची लिथियम बॅटरी बसवतात. प्रश्न असा की ही बसवावी का, आणि बसवायची तर कोणती?

बॅटरीची तीन कामं

ही बॅटरी काय करते असं विचारलं, तर बहुतेक जण म्हणतील, गाडी सुरू करते. बरोबर आहे, पण ते एक तृतीयांश उत्तर झालं. तिची कामं तीन.

पहिलं काम सेल्फ मारणं. स्टार्टर मोटरला काही क्षण प्रचंड प्रवाह लागतो. छोट्या पेट्रोल इंजिनाला शे-दोनशे अँपिअर, मोठ्या डिझेलला त्याहून बरंच जास्त. दुसरं काम साठा ठेवणं. इंजिन बंद असताना घड्याळ, अलार्म, संगणक, दिवे हे सगळं तिच्यावर चालतं. अल्टरनेटर बिघडला तर गाडी गॅरेजपर्यंत नेण्याची जबाबदारीही तिचीच. तिसरं काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अल्टरनेटरच्या विजेतले चढउतार ती शोषून घेते. धरणाच्या जलाशयासारखी ती व्होल्टेज सपाट ठेवते, म्हणून गाडीतले संगणक सुखाने नांदतात.

आता एक साधं गणित करू. बॅटरीची क्षमता एएचमध्ये, म्हणजे अँपिअर-तासांत मोजतात. एक अँपिअर प्रवाह एक तास दिला, की एक एएच खर्च झाला. समजा सेल्फने २०० अँपिअर घेतले आणि गाडी ३ सेकंदांत सुरू झाली. दोनशे गुणिले तीन म्हणजे सहाशे. त्याला तासाच्या ३६०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं सुमारे ०.१७ एएच. म्हणजे ६० एएचच्या बॅटरीतला अर्धा टक्कासुद्धा खर्च होत नाही.

मग साठ कशाला ठेवतात? कारण सुरू करण्यासाठी साठा नव्हे, जोर लागतो. शिशाची बॅटरी अर्धी उतरली, थंड पडली किंवा जुनी झाली की तिचा जोर लवकर ओसरतो. म्हणून ती गरजेपेक्षा पुष्कळ मोठी ठेवावी लागते. त्या मोठेपणातून दुसऱ्या कामासाठी साठा आयताच मिळतो. लिथियमचा जोर मात्र जवळजवळ रिकामी होईपर्यंत टिकतो. म्हणून ती छोटी ठेवता येते. सगळ्या हलकेपणाचं मूळ इथे आहे.

पोर्शचा दाखला

पोर्शे म्हणा, पोर्श म्हणा, या जर्मन कंपनीने २००९ च्या अखेरीस जाहीर केलं की ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांना लिथियम-आयन स्टार्टर बॅटरी जास्तीचे पैसे भरून घेता येईल. वजन सहा किलोच्या आत. नेहमीच्या ६० एएचच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलो कमी. किंमत जर्मनीत सुमारे १९०० युरो. आणि क्षमता? फक्त १८ एएच.

आता जरा भागाकार करू. शिशाची बॅटरी सोळा किलोत ६० एएच, म्हणजे किलोमागे पावणेचार. लिथियमची सहा किलोत १८ एएच, म्हणजे किलोमागे तीन! नवी महागडी बॅटरी किलोमागे जास्त साठा देत नव्हती, उलट थोडा कमीच देत होती. दहा किलो वाचले ते मुख्यतः साठा कमी केल्यामुळे. पुढे लिथियमच्या पेशी सुधारल्या, आज किलोमागे साठा बराच जास्त मिळतो. पण स्टार्टर बॅटरीची युक्ती तीच राहिली: साठा कमी करायचा आणि जोर कायम ठेवायचा.

कंपनीने यात काही लपवलं नव्हतं. तिचं म्हणणं असं की शिशाच्या बॅटरीतली जेमतेम ३० टक्के क्षमता सर्व परिस्थितींत प्रत्यक्ष कामी येते. साठाचे तीस टक्के म्हणजे अठरा. म्हणून १८ एएचची लिथियम ६० एएचच्या शिशाच्या तोडीची. शिवाय, आणि हे फार महत्त्वाचं, गाडीसोबत नेहमीची शिशाची बॅटरीही दिली जाई. कडाक्याच्या थंडीत लिथियमचा जोर कमी पडतो, तेव्हा जुनी बसवा, असा त्याचा अर्थ. स्वतः बनवणाराच दोन प्रसंगांसाठी दोन बॅटऱ्या देतो, तेव्हा 'सर्वांत चांगली बॅटरी कोणती' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे त्याने मान्य केलेलं असतं.

आकड्यांतला छल

ही 'तोडीची' कल्पना बाजारात आली आणि तिथे घोटाळा सुरू झाला. अनेक लिथियम बॅटऱ्यांवर मोठ्या अक्षरांत '६० एएच' लिहिलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरांत 'शिशाच्या तुलनेत'. खरी क्षमता असते अठरा-वीस.

न्यायशास्त्रात छलाचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एक जण सांगतो की या मुलाजवळ 'नव' कांबळं आहे. त्याला म्हणायचं असतं नवीन. ऐकणारा 'नव' म्हणजे नऊ असं धरतो आणि वाद घालतो, की याच्याजवळ तर एकच दिसतंय! शब्द तोच, अर्थ बदलला. लेबलवरच्या 'एएच'चं हेच होतं. सुरू करण्याच्या कामापुरती ती तुलना बऱ्याच अंशी खरी आहे. पण रात्री इंजिन बंद ठेवून दिवे लावले, तर अठरा एएच हे अठराच असतात. शिशाची बॅटरी पूर्ण उतरवली तर तिचं आयुष्य घटेल हे खरं, पण त्या रात्री दिवे जळत राहतील.

यातून सुटायचं कसं? उपाय सोपा आहे. बॅटरीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात वॉट-तास शोधा आणि त्याला १२.८ ने भागा. २३० वॉट-तास लिहिलं असेल तर खरी क्षमता १८ एएच. वॉट-तास लिहिलेच नसतील तर वजन बघा. खऱ्या ६० एएचच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचं वजन सहा-सात किलो तरी भरतं. अडीच किलोच्या डब्यावर साठ लिहिलं असेल, तर तो 'नव' नऊ नव्हे हे समजा.

दुसरा आकडा थंडीत सुरू करण्याच्या प्रवाहाचा. त्याला सीसीए म्हणतात. त्याची प्रचलित व्याख्या काटेकोर आहे: उणे १८ अंश सेल्सिअसला, ३० सेकंद, बारा व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता ती किती अँपिअर देते. काही विक्रेते त्याऐवजी दोन-पाच सेकंदांचा, तोही उबदार खोलीतला आकडा छापतात. तेव्हा विचारायचं: किती तापमानाला, किती सेकंद? उत्तर नसेल तर तो आकडा सोडून द्यायचा.

लिथियम म्हणजे एकच वस्तू नव्हे

'लिथियम' हे एका कुळाचं नाव आहे. मोबाइलमधलं लिथियम वेगळं आणि गाडीला योग्य ते वेगळं. गाडीसाठी चालतं ते लिथियम आयर्न फॉस्फेट, थोडक्यात एलएफपी. हे द्रव्य १९९० च्या दशकात अमेरिकेत ऑस्टिन इथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणलं. लिथियम बॅटरीवरच्या एकूण कामासाठी त्यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, आणखी दोघांसह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एलएफपीच का? पहिलं कारण व्होल्टेजचं. गाडीचा अल्टरनेटर साधारण १४ ते १४.५ व्होल्ट देतो. एलएफपीची एक पेशी ३.६५ व्होल्टला पूर्ण भरते. चार पेशी जोडल्या की १४.६. जोडी जमली! मोबाइलसारख्या पेशी ४.२ व्होल्टला भरतात. तीन जोडल्या तर १२.६ लाच भरतात आणि अल्टरनेटर त्यांना मर्यादेबाहेर भरत राहील. तो थेट आगीचा धोका. चार जोडल्या तर १६.८ लागतात, म्हणजे त्या कधी पूर्ण भरणारच नाहीत. दुसरं कारण सुरक्षेचं. एलएफपीमधला ऑक्सिजन फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापल्यावर तो सहज सुटून आगीला हातभार लावत नाही. पण आतला द्राव ज्वलनशील असतोच. तेव्हा 'जास्त सुरक्षित' म्हणू, 'पेटतच नाही' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

राखणदार आणि त्याची अडचण

चांगल्या लिथियम बॅटरीत एक इलेक्ट्रॉनिक राखणदार असतो, त्याला बीएमएस म्हणतात. पेशी फार उतरल्या, फार भरल्या किंवा फार तापल्या की तो वीज तोडतो, आणि चारही पेशी सारख्या पातळीवर ठेवतो. तो हवाच. बीएमएस नसलेली बॅटरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पण तो आपलं काम करतो तेव्हा काय होतं तेही जाणून घ्या. शिशाची बॅटरी उतरताना आधी सांगते. सेल्फ घोगरा होतो, दिवे मंद होतात. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. साध्या व्होल्टमीटरवर ती किती भरली आहे याचा धड अंदाज येत नाही. आणि बीएमएसने वीज तोडली की सगळं एका क्षणात बंद. चालू गाडीत असं झालं तर आपण सांगितलेलं तिसरं काम, तो जलाशय, नाहीसा होतो. अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि गाडीच्या संगणकांना इजा होऊ शकते. ज्या गाडीत स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत विजेवर चालते, तिथे हा प्रश्न जीविताचा आहे.

म्हणून अल्टरनेटर नक्की किती व्होल्ट देतो हे बसवण्याआधीच मोजायचं. थंड इंजिनावर, तापलेल्या इंजिनावर, दिवे लावून आणि बंद करून. आकडा १४.६ च्या वर जात असेल तर ती बॅटरी त्या गाडीला नको. नव्या गाड्यांत संगणक हे व्होल्टेज मुद्दाम वरखाली करतो, पाय उचलल्यावर वाढवतो. सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांत तर बॅटरीचा हिशोब ठेवणारा वेगळा सेन्सर असतो. अशा गाडीत उत्पादकाने मान्य न केलेली बॅटरी घालणं म्हणजे दोन हिशोबनिसांना एकाच वहीवर बसवणं.

चार्जरचंही तसंच. शिशाच्या बॅटरीचे काही चार्जर तिला 'जिवंत' करायला पंधरा व्होल्टच्या वर झटके देतात. ते लिथियमला लावायचे नाहीत. बॅटरी पूर्ण उतरली तर जंपर केबलने गाडी सुरू करून लगेच लांब पल्ल्याला निघू नका. रिकामी लिथियम अल्टरनेटरकडून अधाशासारखा प्रवाह ओढते, आणि त्यात दोघंही तापतात. आधी योग्य चार्जरवर भरून घ्या.

ऊन, थंडी आणि जागा

एलएफपीला शून्य अंशाखाली चार्ज करू नये. आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि पेशी कायमची बिघडते. महाराष्ट्रात ही वेळ येत नाही. पण पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन लेह-लडाखला जाणारे आता थोडे नाहीत, त्यांनी लक्षात ठेवावं. अशा थंडीत सुरुवातीला सेल्फ मरगळलेला वाटतो. मिनिटभर दिवे लावून ठेवले की पेशी आतून थोड्या उबदार होतात आणि दुसऱ्या वेळी जोर येतो.

आपला खरा शत्रू ऊन. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांची मर्यादा साठ अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतच पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथे बॉनेटखाली एक्झॉस्टजवळची जागा या बॅटरीची नव्हे.

मग डिकीत नेऊ? कल्पना चांगली आहे. माझदाच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स गाडीत बॅटरी मुळातच डिकीत होती. ट्रॅकवर ही गाडी फार लोकप्रिय आहे. पण शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिथे तो बाहेर सोडणारी नळी असलेली बॅटरी लागते. एलएफपीला नेहमीच्या वापरात ती अडचण नाही. ज्या गाडीत बॅटरी पुढे आहे तिथे मात्र केबल मागे न्यावी लागते. ३५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची केबल मीटरला तीनशे ग्रॅमच्या वर भरते, वर प्लास्टिकचं आवरण. चार मीटर केबल म्हणजे दीड किलोच्या आसपास वजन परत आलं! शिवाय त्या केबलला बॅटरीजवळच जाड फ्यूज हवा, नाहीतर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली की आग.

दहा किलो म्हणजे किती?

हजार किलोच्या गाडीत दहा किलो म्हणजे एक टक्का. ट्रॅकवर एक टक्का कमी नव्हे, आणि पुढच्या टोकाचं वजन गेलं की गाडी वळणात हलकी शिरते. पण तेवढंच वजन फुकटात किती ठिकाणी वाचतं तेही बघा. साडेतेरा लीटर पेट्रोलचं वजन दहा किलो भरतं. टाकी फुल न करता ट्रॅकवर गेलात तर एक बॅटरी वाचली. स्टेपनी आणि जॅक घरी ठेवला तर दुसरी. हे आधी करायचं. बॅटरी त्यानंतर.

मधला मार्गही आहे. एजीएम जातीची छोटी शिशाची बॅटरी १६ एएचमध्ये साधारण सात किलोला मिळते. तिचाही साठा कमीच, पण राखणदाराची भानगड नाही आणि चार्जरची काळजी कमी.

तीन गाड्या, तीन उत्तरं

आता प्रयोजनाकडे परत येऊ. पहिली गाडी रोजची. पार्क केल्यावर तिचे संगणक आणि अलार्म मिळून ५० मिलिअँपिअर घेतात असं धरू. दिवसाला १.२ एएच. १८ एएचची बॅटरी पंधरा दिवसांत पूर्ण रिकामी. तुम्ही दिवाळीला गावी जाऊन आलात की गाडी गप्प. साठची असेल तर तेवढ्या काळात तिसरा हिस्साही उतरत नाही. आणि घाटात रात्री गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायला सरासरी साडेतीन अँपिअर लागतात. अठरावाली, पूर्ण भरलेली असली तरी, पाच तास. साठवाली सतरा. गाडीत कुटुंब आहे आणि मागून ट्रक येत आहेत, तेव्हा वाचलेल्या दहा किलोंचा उपयोग शून्य. रोजच्या गाडीला शिशाची किंवा एजीएमची बॅटरीच योग्य.

दुसरी गाडी फक्त ट्रॅकची. ट्रेलरवरून येते, अर्धा तास पळते, परत जाते. मुख्य स्विच बंद केला की काहीच वीज जात नाही, आणि लिथियम स्वतःहूनही फार हळू उतरते. इथे साठ्याचं काम जवळजवळ नाहीच, आहे ते जोराचं. हिला लिथियम शोभते.

तिसरी अवघड. आठवडाभर ऑफिस, महिन्यातून एकदा ट्रॅक. तिला पोर्शवालं उत्तर लागू पडतं: दोन बॅटऱ्या. ट्रॅकच्या दिवशी हलकी, एरवी जड. मात्र दोन्ही बसतील असा मजबूत कंस करून घ्या. हलकी बॅटरी सैल राहिली तर तीही उडतेच. एकच ठेवायची असेल तर ४० एएच किंवा त्याहून जास्त खऱ्या क्षमतेची एलएफपी घ्या. ती पाच-सहा किलोला मिळेल, साठा पुरेसा राहील. फक्त अल्टरनेटरचं व्होल्टेज मोजल्याशिवाय नको.

दुकानात जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. रसायन एलएफपीच आहे का? खरे वॉट-तास किती? बीएमएस आहे का, आणि तो किती अँपिअरला, किती व्होल्टला तोडतो? कमाल तापमान किती? वॉरंटी देणारा माणूस आपल्या शहरात सापडेल का? पाचही उत्तरं लेखी मिळाली तर घ्या. तीनच मिळाली तर जुनी जड बॅटरी आणखी एक वर्ष राहू द्या, ती काही तक्रार करणार नाही.